काडी ठेवलेलं पान

आष्टी,
१० नोव्हेंबर १९७८

ती. वयनीस नलूचा नमस्कार.

वयनी, पत्र टाकाले उशीर झाला, राग मानू नको. कापूस येचाले बाया भेटून नाई राह्यल्या, मीच जातो वावरात.

एक गोष्ट सांगाची हाय. आधी बसून घे, मंग वाच.

कालच्या गुरुवारी दादा आला होता.

हासू नको. आमच्या गल्लीत किराना दुकानाच्या मांगं गुलाबबाई राह्यते. तिच्या आंगात येते. देवी नाई येत, मेलेलं मानूस येते. समोर जे बसलं असंल त्याच्या घरचं. पैसे घेत नाई, निस्ता नारळ ठेवाचा. याच्या आधी मी दोनदा गेलती, तवा दुसऱ्याइचे लोकं आले. काल तिनं मान खाली घातली, अन् एकदम मायाकडं पाहून म्हने, "नले, जेवली का?"

वयनी, दादा गेल्यापासून मले कोनी नले म्हनलं नाई. हे मले वो म्हनतात, पोरं माय म्हनतात. मी म्हनलं, जेवली दादा. तो म्हने, भाकर खाल्ली का पोयी? मी म्हनलं, भाकर. तो हासला. दादासारखाच, आधी नाकातून, मंग तोंडातून. मंग म्हने, इकडं बरं हाय, पाय दुखत नाई आता. अन् गेला.

हे म्हनत होते का वयनीले सांगू नको, वयनी वाचनारी बाई हाय, खवळन. पन तुयाबिगर कोनाले सांगू? त्याची तूच होती अन् मी.

तुयी नलू


वडनेर,
१७ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. नलूस अनेक आशीर्वाद.

तुझं अंतर्देशीय मिळालं. मी खवळले नाही, तसं रूपरावांना सांग. नवऱ्यानं बायकोला वहिनीचं मन राखायला सांगावं, तिला घाबरायला सांगू नये. आणि वाचणारी बाई म्हणजे शिकलेली बाई नव्हे. माझ्याजवळ एकाही शाळेचा दाखला नाही.

आता गुलाबबाईचं. ती तुमच्याच गल्लीत राहते. दर भाऊबीजेला तुझे दादा गल्लीच्या तोंडापासून "नले" अशी हाक मारत यायचे. ती हाक अर्ध्या आष्टीनं ऐकली असेल. पाय दुखतात हे तर ते एसटीतून उतरल्याबरोबर भेटेल त्याला सांगायचे. यात न कळण्यासारखं काय आहे? बाई लबाड आहे असं मी म्हणत नाही. कदाचित तिलाही ते खरंच वाटत असेल. ऐकलेलं माणसाच्या आत कुठंतरी पडून राहतं आणि वेळ आली की दुसऱ्याच्या आवाजात बाहेर येतं. मीही कधीकधी पीठ मळताना त्यांच्यासारखी खाकरते.

इथपर्यंत लिहिलं आणि अंगणात जाऊन तूर उन्हात पसरून आले. आता उरलेलं लिहिते.

माझ्याबद्दल काही बोलले का?

मी हे मानत नाही, हे वर लिहिलंच आहे. ते खोडत नाही. तरी विचारते. वडनेर कुठं आणि आष्टी कुठं! हिंगणघाटला उतरा, वर्ध्याला गाडी बदला, पुढं पुन्हा धक्के खा. मेलेल्या माणसाला गाडी बदलावी लागत नसेल. पण जायच्या वाटेवर स्वतःचं घर लागत नाही का? ज्या घरातून त्यांना नेलं त्या घरात मी अजून राहते. त्यांची चप्पल दाराशीच आहे. शेजारचे अण्णाजी दोनदा म्हणाले, "वहिनी, गड्याला देऊन टाका." मी दिली नाही. ओळख पटायला आणखी काय ठेवू?

"जेवली का" असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी वाढायची, त्यामुळं त्यांना माहीत असायचं. तुझ्या पत्रातला तो एक शब्द मला दिवसभर टोचला.

तुझी,
वहिनी


आष्टी,
२ डिसेंबर १९७८

ती. वयनीस नमस्कार.

दादा आनखी दोनदा आला. एकदा बोरीच्या झाडाचं बोलला, मी काटा भरून रडलती अन् त्यानं दातानं काटा काढला होता ते. वयनी, थे गुलाबबाईले कोन सांगन? मी कोनाले सांगतलं नाई. बहुतेक नाई सांगतलं.

तुयं इचारलं म्या. म्हनलं, दादा, वयनीले काई निरोप? त्यानं नारळ बाजूले सरकवला. मंग म्हने, "तिचं बरं हाय." बस. मी काय करू? जे बोलला तेच लिवलं.

अन् खरं सांगू का? तू म्हनते का मी मानत नाई. मंग तो तुयाजवळ कसा येईन वो? दार लावून घ्याचं अन् आतून म्हनाचं का पाव्हना काऊन नाई आला. राग आला तर येऊ दे. तुये पत्र मी दोन-दोनदा वाचतो, तुया राग बी वाचतो.

पुढच्या आठोड्यात नालवाडीले जयवंताच्या पोरीचं लग्न हाय. तिथं भेटूच.

तुयी नलू


वडनेर,
१६ डिसेंबर १९७८

चि. सौ. नलूस आशीर्वाद.

नालवाडीच्या लग्नात आपण भेटलो असं म्हणायचं, कारण एकाच मांडवात जेवलो. तू माझ्याजवळ बसली नाहीस. मी मागं बसले होते, विधवेनं जिथं बसायचं तिथं. तुला पुढं बसायचा हक्क आहे, तो मी मोजत नाही. पण तू पाचसहा बायकांना घेऊन बसली होतीस आणि सांगत होतीस, "परवा आमचा दादा म्हनला का औंदा हरभरा चांगला येईन." परवा! गावाला गेलेल्या माणसाचं सांगावं तसं. बायका तुझ्या तोंडाकडं पाहत होत्या. जयवंता मला म्हणाली, "मनकर्णाबाई, तुमाले तं भेटतच असतीन ना वो?" मी तोंडात भाताचा घास घातला आणि मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिचं तिनं ठरवावं.

मला तुझा हेवा वाटतो, नलू. सरळच लिहिते. नसलेल्या गोष्टीचा हेवा कसा वाटतो, याचा मी आठवडाभर विचार केला. कुणी म्हणालं की माझ्या वावरात सोन्याचं झाड आहे, तर मी हसेन, जळणार नाही. मग इथं का जळते? मला असं दिसलं की विश्वास आणि मत्सर दोघंही पुरावा मागत नाहीत. डोकं "हे खरं नाही" म्हणत राहतं आणि त्याच वेळी पोट "मला का नाही" म्हणून विचारतं. डोक्याचं पोटापर्यंत पोचत नाही. आजवर मला वाटायचं की माणूस वाचायला शिकला की आतून सगळा एकजीव होतो. तसं होत नाही. मी तरी झाले नाही.

वाचायला मी कशी शिकले ते तुला माहीत नसेल. लग्न होऊन आले तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी मी तूर निवडायला बसायची आणि हे कंदिलाजवळ काहीतरी मोठ्यानं वाचायचे. गोष्ट रंगात आली, आता दार उघडणार आणि आत कोण आहे ते कळणार, की नेमकं तिथं हे थांबायचे. कपाशीच्या पऱ्हाटीची एक बारीक काडी पानात ठेवायचे आणि म्हणायचे, "मले झोप आली. पुढचं तू वाच." मला वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं! पहिली दोन वर्षं मी चिडायची. मग एके दुपारी पुस्तक उघडून बसले. शिकवायचं म्हणून त्यांनी मला एक अक्षरही गिरवायला लावलं नाही. फक्त थांबायचे. ज्ञानाची ओढ वगैरे मोठे शब्द मी पुढं पुस्तकांत वाचले. माझ्यापुरतं सांगायचं तर आत कोण आहे ते मला कळायला हवं होतं आणि नवरा झोपला होता.

पुढं मला चांगलं वाचता यायला लागलं, तरी ती रीत मोडली नाही. ते वाचायचे, थांबायचे, काडी ठेवायचे. उरलेलं मी वाचायची.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळीही काडी ठेवली होती. पुढचं पान मी अजून उलटलेलं नाही.

आता माझं एक काम कर. पुढच्या गुरुवारी तुझ्या दादाला विचार: शेवटची काडी कुठं ठेवली? कोणत्या पुस्तकात, कोणत्या जागी? हे त्यांच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. उत्तर बरोबर आलं तर मी नारळ घेऊन आष्टीला येईन आणि गुलाबबाईच्या पाया पडेन.

तुझी,
वहिनी


आष्टी,
६ जानेवारी १९७९

ती. वयनीस नमस्कार.

उशीर झाला. एका गुरुवारी गुलाबबाईले ताप होता, एका गुरुवारी दुसरीचा नवरा आला.

परवा इचारलं. दादा म्हने, "लाल कपड्यात बांधलेली पोथी हाय. तिच्यात अध्याय संपते तिथं काडी ठेवली. मनकर्णेले सांग, पोथी देवापाशी ठेव अन् फूल वाह्य."

आता तं पटलं ना? तुयं नाव घेतलं बग त्यानं. आता जास्त इचारू नको. मेलेल्या मानसाले लय इचारलं का त्रास होते, असं गुलाबबाई म्हनते.

तिळगूळ घे, गोड बोल.

तुयी नलू


वडनेर,
१३ जानेवारी १९७९

सौ. नलूबाई यांस,

तिळगूळ मिळाला. तुम्ही गोड बोलायला सांगितलं आहे, पण ते या खेपेला जमणार नाही.

उत्तर चूक आहे. पोथी नव्हती, लाल कपडाही नव्हता. ती लाल कपड्यातली पोथी तुमच्या वडिलांची. ती यांनी माझ्यासमोर कधी उघडली नाही. पण तेवढीच चूक असती तर मी म्हटलं असतं, असेल, मेल्यावर माणूस विसरत असेल. दुसरी चूक मोठी आहे. अध्याय संपतो तिथं म्हणे काडी ठेवली! सगळ्या आयुष्यात हा माणूस संपल्या जागी थांबला नाही. मधे थांबणं हाच त्यांचा स्वभाव होता. हे उत्तर ज्यानं कुणी दिलं, त्याच्यासमोर ते कधी वाचायला बसलेच नव्हते.

चिठ्ठी मी उंबऱ्यातच फोडली, हेही लिहून ठेवते. घरात नारळ आणून ठेवला होता. म्हणजे न मानणारीनं नारळ आणला होता. आता त्याची चटणी करीन.

संक्रांत झाली की येत्या गुरुवारांपैकी एका गुरुवारी मी आष्टीला येते. सगळ्यांच्या समोर बसून गुलाबबाईला मीच विचारते. काय व्हायचं ते तिथंच होऊ द्या. माझा नवरा दर आठवड्याला एका परक्या बाईच्या तोंडून हरभऱ्याचे भाव सांगतो आणि लोक नारळ फोडतात, हे मला चालायचं नाही.

मनकर्णा


आष्टी,
१९ जानेवारी १९७९

वयनी,

येऊ नको. पाया पडतो तुया.

गुलाबबाईनं थे उत्तर देल्लं नाई. म्या देल्लं. म्या इचारलंच नाई तिले. तीन गुरुवार गेले, दर खेपेले तोंडावर यायचं अन् मी गिळून घ्याची. भेव लागे का चुकला तर? चुकला तर तो पुन्हा मरन. मंग घरी बसून म्याच बनवलं. मले वाटलं पोथीच असंल, दुसरं काय वाचते मानूस.

तू लिवलं ना का ज्यानं उत्तर देल्लं त्याच्यासमोर तो कधी वाचाले बसला नाई. खरं हाय. नाई बसला. मायासमोर नाई बसला, वयनी.

तू आली तवा मी सात वर्साची होती. तूच माये केस इंचरायची. कंदील लावला का तुमी दोघं आत, अन् मी मायजवळ निजायची. आतून त्याचा आवाज यायचा, शब्द समजत नोयते, निस्ता आवाज. तो थांबला का तू चिडायची, मंग तो हासायचा. मी तिकडच्या भिंतीले कान लावून पडली राहायची अन् म्हनायची, उद्या मले बोलावतीन. नाई बोलावलं कधी. शाळेत चार बुकं शिकली थे मास्तरनं मारून शिकवलं. मंग लग्न करून आष्टीले देल्ली. वर्सातून एक रोज भाऊबीज. खांद्यावर बसवलं, बोरं देल्ले, काटा काढला, सगळं केलं त्यानं. पन वाचून नाई दाखवलं. थे तुले देल्लं.

तू म्हनते का तुले माया हेवा वाटते. वाचलं तवा मी हासली अन् मंग चुलीपाशी बसून रडली. मी तुया हेवा सात वर्साची होती तवापासून करून राह्यली.

मले मालूम हाय, वयनी. बोरीचं म्याच सांगतलं असंल कोनाले. मी येडी नाई. पन "नले, जेवली का" आयकलं का मले दुसरं काई लागत नाई. जित्ता होता तवा तो तुया होता. आता मेलेला तरी मले राहू दे.

नलू


वडनेर,
१० फेब्रुवारी १९७९

चि. नलू,

तुझं पत्र वाचून मी आठ दिवस पेटी उघडून तिच्यात ठेवत होते आणि पुन्हा काढत होते. तरी मी आले. परवाच्या गुरुवारी मी गुलाबबाईच्या घरी होते.

घाबरू नको, आधी पूर्ण वाच.

दुपारच्या गाडीनं उतरले. घर कुणाला विचारावं लागलं नाही, बायका नारळ घेऊन चालल्याच होत्या. मी अगदी मागं, कोठीच्या आडोशाला बसले, पदर पुढं ओढून. तू पुढं होतीस, हिरव्या लुगड्यात. निघताना वाटभर वाक्य घोकलं होतं: बाई, माझा नवरा तुमच्यात येतो ना, मग माझं उत्तर द्या. रागापेक्षा दुसरं काही मनात नव्हतं, तुला खोटं कशाला सांगू? तुझं पत्र वाचून रडूही आलं होतं आणि रागही तसाच होता. दोन्ही एका वेळी असतात.

गुलाबबाई मला वाटली होती तशी नाही. वाळकीशी बाई आहे, दम लागतो तिला. तिनं मान खाली घातली, वर केली आणि म्हणाली, "नले, जेवली का?"

तो आवाज त्यांचा नव्हता, नलू. अजिबात नव्हता. मी बावीस वर्षं ऐकलेला आहे. हसणंही तसलं नव्हतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की, सुटले! तिच्याकडं गेले नाहीत, कुणाकडंच गेले नाहीत. इतकी हलकी झाले मी. त्या हलकेपणाची लाजही वाटत नव्हती. आणि दुसऱ्याच क्षणाला, कुणाकडंच गेले नाहीत म्हणजे कुठंच नाहीत, हे समजलं. ते मला इतके दिवस माहीत होतं, पण समजलं तेव्हा.

मग तू बोललीस. मला तुझं तोंड अर्धंच दिसत होतं. तू म्हणालीस, "जेवली दादा. आज वांग्याची भाजी होती." तेव्हा तुझा आवाज सात वर्षांच्या पोरीचा झाला. मी तुझे केस विंचरायची तेव्हाचा. त्या पोरीला मी ओळखते. ती भिंतीपलीकडं जागी असायची हे मला ठाऊक नव्हतं.

मी उठून उभी राहिले होते. बाजूची बाई म्हणाली, "बसा ना वो, तुमचा नंबर याचा हाय." मी म्हटलं, "माझं कुणी नाही इथं." आणि बाहेर पडले. वर्ध्याच्या गाडीला उभी राहिले आणि आले.

तेव्हा तुझा दादा तुझ्याकडं राहू दे. मी मानत नाही, मानणार नाही आणि तिथं पुन्हा येणार नाही. गुलाबबाईच्या तोंडून ते जे बोलतात ते तुझं. पण एक गोष्ट तुला खोटी मिळू नये असं वाटतं. बुकपोस्टानं पुस्तक पाठवते आहे. हेच ते. याला पुठ्ठा नाही, पहिली पानंही नाहीत. कुणी लिहिलं, नाव काय, आम्हाला कधी कळलं नाही. माणूस कशावरून काय मानतो याच्या लहान लहान गोष्टी आहेत त्यात. काडी एका जन्मांध माणसाच्या गोष्टीत आहे. गावातले लोक त्याला रोज चंद्राचं वर्णन सांगतात, प्रत्येकाचं वेगळं. एक पाहुणा त्याला विचारतो, "तुला दिसत नाही, सांगणारे एकमेकांशी जुळत नाहीत, मग चंद्र आहे हे तू कशावरून मानतोस?" आंधळा म्हणाला, आणि इथं पान संपतं. तुझे दादा म्हणाले, "मले झोप आली." काडी ठेवली. पुढचं पान कुणी उलटलेलं नाही.

ते तू उलट. तुझ्या दादानं इथवर वाचलं आणि थांबला. पुढचं तू वाच.

पुस्तक कागदात बांधताना माझी बोटं त्यावरून निघत नव्हती. पाठवते आहे म्हणून माझं मन मोठं झालं असं समजू नकोस. जळत जळतच पाठवते आहे. काडी हरवू नको.

तुझी,
वहिनी


आष्टी,
५ मार्च १९७९

ती. वयनीस नलूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पुस्तक भेटलं. काडी बी भेटली, हालली नाई.

वयनी, हे पुस्तक मी ओळखतो. दादाच्या शेवटच्या भाऊबीजेले मी अन् दादा बजारात गेलतो. फल्लीदानेवाला याचेच पानं फाडून पुड्या करत होता. दादानं दोन पुड्या घेतल्या अन् म्हने, "बापू, राह्यलेलं बुक मले दे." मी म्हनलं, हे काय घेते, सुरवातच नाई त्याले. तो म्हने, "सुरवात तुया हातात हाय, नले." मी दाने खाल्ले अन् पुडी फेकून देल्ली. वाचली नाई. काय लिवलं असंल त्याच्यावर, कोन जाने.

दुपारी सगळे वावरात गेले का मी वाचतो. बोट ठेवून ठेवून. आधी तुमी दोघाइनं वाचलेली पानं वाचली, मोठ्यानं. मंग काडीपाशी आली. तिथं मी बी थांबली जराशी. मंग उलटलं. आंधळा काय म्हनला थे मी सांगनार नाई. त्याच्या पुढच्या गोष्टीत एका बाईचं हाय, ती राजाच्या पुढं खोटं बोलते अन् राजा म्हनते का शपत घे. ती हात वर करते... तिथंच म्या काडी ठेवली. पुस्तक परत पाठवलं. पुढचं तू वाच अन् काडी ठेवून मले दे.

गुरुवारी मी जातोच. थे सोडनार नाई. या गुरुवारी दादा आला अन् आल्याआल्या म्हने, "मनकर्णा बरी हाय का?" आनखी बी बोलला तुयं. बाकी भेटीत सांगीन.

तुयी नलू


वडनेर,
१२ मार्च १९७९

चि. नलूस अनेक आशीर्वाद.

पुस्तक आज आलं. आंधळ्याचं उत्तर वाचलं. तो पाहुण्याला म्हणतो, "वर पाहून बोलायला लागले की या सगळ्यांचा आवाज बदलतो. त्यावरून मानतो." मला हे पटलेलं नाही. आवाज बदलतो यावरून आवाज बदलणारं माणूस आहे एवढंच ठरतं, चंद्र ठरत नाही. तुझे दादा जागे असते तर त्यांच्याशी भांडले असते. तू आलीस की तुझ्याशी भांडेन. पण ते उत्तर मी आणखी दोनदा मोठ्यानं वाचलं, एवढं खरं.

ती बाई राजापुढं हात वर करते तिथं काडी ठेवलीस. बरोबर जागी ठेवलीस. हे मला आवडलं नाही. तशी जागा ओळखायला मला किती वर्षं लागली होती, आणि तू पहिल्याच खेपेला शोधलीस. रक्त एकच, दुसरं काय.

ते माझ्याबद्दल बोलले असं लिहिलंस. हे तू बनवलंस, किंवा गुलाबबाईनं बनवलं. मला पक्कं माहीत आहे.

काय काय बोलले ते सगळं लिही. भेटीपर्यंत ठेवू नको.

तुझी,
वहिनी